फ्लॉपी मागण्याचा हक्क

माहितीचा अधिकार कायदा 2005 सालचा. त्याच्या कलम 2 मध्ये लिहिलंय, की संगणकात साठवलेली सरकारी माहिती डिस्केट, फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा नागरिकाला हक्क आहे. केंद्राच्या 2012 च्या नियमांत फ्लॉपीचा दरसुद्धा दिलाय, एका फ्लॉपीला 50 रुपये. नववीच्या वर्गात मी हे वाचून दाखवलं तेव्हा एका मुलानं विचारलं, "मॅडम, फ्लॉपी म्हणजे?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ते सेव्ह करायचं चित्र असतंय बघ, ते."

पोरं हसली. मलाही हसू आलं. पण फ्लॉपी मागायचा हक्क आहे आणि फ्लॉपी वाचणारं यंत्र कुठल्याच टेबलावर नाही, ही अवस्था हसण्यापुरती राहत नाही, हे मला गेल्या वर्षी समजलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांचं टायपिंग युनिकोडच्या आधीपासूनचं. उर्दूसाठी इनपेज, मराठीसाठी कधी श्रीलिपी, कधी पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम. त्या काळात 'क' संगणकात कुठल्या क्रमांकावर ठेवायचा हे ज्या त्या कंपनीनं आपल्या मर्जीनं ठरवलं होतं. त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे उघडला की कचरा दिसायचा. डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं, मध्येच एखादं उद्गारचिन्ह. बी.एड.च्या वेळचे माझे उर्दू पाठ आजही एका सीडीत असेच पडून आहेत.

तर गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थिनीची आजी घरी आली. नातीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि जन्माचा दाखला निघत नव्हता. "बेटी, दफ्तरवाले बोलते नोंदच नै," दादी म्हणाल्या. मी त्यांच्याबरोबर त्या कार्यालयात गेले. (कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथला लिपिक भला माणूस होता, आणि अशी कार्यालयं गावोगाव आहेत.) त्यानं नव्या प्रणालीत नाव शोधून दाखवलं. सापडलं नाही. मग माझ्या आग्रहाखातर जुन्या संगणकातली फाईल उघडली. पडद्यावर त्याच टोप्यावाल्या अक्षरांच्या ओळीच्या ओळी. तो म्हणाला, "मॅडम, हा डेटा करप्ट झालाय."

करप्ट झाला नव्हता. नोंद जागेवर होती, फॉन्ट तेवढा गेला होता. हे मला कळलं ते इनपेजच्या मेहेरबानीनं. पण दादींना कसं कळावं? त्यांना सांगितलं गेलं होतं, तुमची नात आमच्याकडे जन्मलेलीच नाही.

दाखला शेवटी कागदी रजिस्टरवरून निघाला. कपाटातून रजिस्टर शोधून काढायला अकरा दिवस गेले. मला त्या वेळी मोडीची आठवण झाली. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वीचा मोडी कागद वाचणारा माणूस शोधला तर मिळतो. वीस वर्षांपूर्वीच्या सरकारी फाईलचा फॉन्ट कुठे शोधायचा?

मुसलमान घरांत हा प्रश्न जरा जास्त टोचतो, हे लिहायला संकोच कशाला? आमची नावं नोंदींत आधीच तीन तऱ्हांनी येतात. महंमद, मोहम्मद, मुहम्मद. एकाच घरात तीन भाऊ तीन स्पेलिंगचे. त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा. आणि 2025 च्या जानेवारीत राज्य सरकारनं उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले देणं थांबवलं, मालेगावच्या प्रकरणात विशेष तपास पथक नेमलं. खोटे दाखले कुणी काढले असतील तर पकडावेत, त्याला कुणाची ना नाही. पण जिची खरी नोंद जुन्या संगणकात अडकलीय तीसुद्धा 'उशिरा नोंद'च्याच रांगेत जाऊन उभी राहते, आणि रांगेकडे बघणाऱ्याला दोघींतला फरक दिसत नाही.

म्हणून मी अर्ज केला. महाराष्ट्रात माहितीच्या अर्जाला 10 रुपये लागतात, विषय एकच हवा आणि मजकूर 150 शब्दांत बसवावा लागतो. कारण मात्र सांगावं लागत नाही. मी चार गोष्टी विचारल्या. जुनी प्रणाली कोणती आणि कोणत्या साली घेतली? तिच्यातल्या किती नोंदी नव्या प्रणालीत आणल्या? किती राहिल्या? जुन्या डेटाची प्रत आज कुणाच्या ताब्यात आहे?

उत्तर आलं, माहिती सुरक्षेशी संबंधित असल्यानं कलम 8 अन्वये देता येत नाही.

कलम 8(1)(क) मी वाचलंय. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध. आमच्या तालुक्यातल्या जन्मनोंदींचा परराष्ट्रांशी काय संबंध, हा निबंधाला चांगला विषय आहे.

तरी या आक्षेपात थोडं तथ्य आहे. जुनी प्रणाली म्हणजे दुबळी प्रणाली, आणि कुठलं कुलूप ढिलं आहे हे चोरालाही कळतं. मग इतर देश काय करतात? अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयानं 2016 मध्ये जाहीर अहवालात लिहिलं, की अण्वस्त्रदलांच्या समन्वयाची एक यंत्रणा 1970 च्या दशकातल्या आयबीएम संगणकावर आणि आठ इंची फ्लॉपीवर चालते. तीन वर्षांनी फ्लॉपी गेली. 2019 च्या अहवालात त्याच कार्यालयानं तातडीनं बदलायला हव्यात अशा दहा प्रणाली निवडल्या. त्यांचं वय 8 ते 51 वर्षं. जाहीर प्रतीत प्रणालींची नावं झाकली, पण वय, धोका आणि खात्याचं नाव उघड ठेवलं. जपाननं तर जून 2024 मध्ये फ्लॉपीची सक्ती करणारे हजारावर नियम रद्द झाल्याचं स्वतःहून सांगितलं.

हुपरीत चांदी घेणारा टंच काढल्याशिवाय पुढे बोलत नाही. टंच विचारला म्हणून कारागिराची भट्टी कुठे आहे, तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे हे उघड होत नाही. मी टंचच विचारत होते.

आणि आपल्याकडे हे झालेलंही आहे. सातबारा संगणकावर चढवताना हस्तलिखित आणि संगणकीय उताऱ्यात तफावती निघाल्या, तेव्हा 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. तलाठ्यानं उतारे मोठ्यानं वाचायचे, लोकांनी चुका सांगायच्या. मग 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा आला. त्यानंतरही चुका राहिल्याच, पण संगणकात काय चढलंय ते लोकांसमोर वाचल्यानं सरकारचं काही बिघडलं नाही. जमिनीसाठी जे केलं ते जन्माच्या नोंदींसाठी का होऊ नये, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मी 20 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून पहिलं अपील केलं. सुनावणीला अपिलीय अधिकारी सौजन्यानं बोलले. सुरक्षेचा मुद्दा त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला आणि पंधरा दिवसांत माहिती द्यायला सांगितलं. चारपैकी दोन उत्तरं आली. प्रणालीचं नाव आणि साल मिळालं. राहिलेल्या नोंदींपुढे लिहिलंय, 'मोजदाद करण्यात आलेली नाही'. प्रतीच्या ताब्याबद्दल, 'संबंधित एजन्सीचा करार संपुष्टात आला आहे'.

म्हणजे किती दादींना अजून परत पाठवायचंय, हे त्या कार्यालयालाही ठाऊक नाही. कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयानं आपल्याकडची इलेक्ट्रॉनिक माहिती कोणती, याचा तपशील कुणी न मागता प्रसिद्ध करायचा असतो. त्या 17 बाबींच्या यादीत ही चौदावी. शाळेत आमच्या डेडस्टॉक रजिस्टरला प्रत्येक बाकाचं खरेदीचं साल असतं, मोडका बाक निर्लेखित करायचा तर ठराव लागतो. ज्या प्रणालीत माणसांचे जन्म ठेवलेत तिला असं एक पानही नाही.

पुढचा अर्ज तयार आहे. विंडोज 10 चा कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारे किती संगणक अजून त्यावर चालतात आणि ते कधी बदलणार, एवढंच विचारलंय. शब्द मोजले, 94 भरले.