पाटीमागची चूल

मराठी पर्यटकांचे गट इजिप्तला नेणं हा माझा व्यवसाय. लक्झरला निघालेले लोक हमखास विचारतात, "तिथे जेवायला चांगलं ठिकाण कोणतं?" पूर्वी माझं उत्तर तयार असे. जुनं, एकाच नावाने टिकलेलं हॉटेल शोधा. ज्याची पाटी बदललीय तिथे जाऊ नका. आज माझं हे मत राहिलेलं नाही. ते का बदललं ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण त्याबरोबर त्या गावाकडे बघण्याची माझी रीतही बदलली.

त्या मतामागे एक समजूत होती. जेवणाच्या धंद्यात नाव म्हणजे जबाबदारी, असं आपण मानतो. वडील थकले, मुलगा गल्ल्यावर बसला, तरी पाटी तीच राहते. लक्झरच्या पश्चिम तीरावर, फेरीबोटीच्या धक्क्यावरून गेझिरा गावात शिरताना, मला नेमकं उलटं दिसे. आवडलेल्या खानावळीचं शटर खाली आलेलं असे. गच्चीवरचं दुसरं हॉटेल चालू असे, पण नाव नवं. गेल्या हंगामात एखाद्या फॅरोचं, या हंगामात एखाद्या युरोपीय शहराचं. काही लपवायचं असल्याशिवाय माणूस नाव कशाला बदलेल, असं मला वाटे. देणी थकली असतील, नाहीतर कुणाला शिळं वाढलं असेल. शिवाय मनात हळहळ होती की आपल्या ओळखीचं लक्झर संपत चाललंय.

मग मी बंद पडलेल्या जागांच्या कहाण्या विचारू लागलो. वाईट जेवणाची किंवा बुडवलेल्या पैशांची गोष्ट त्यांत क्वचितच निघाली. निघाल्या त्या तारखा. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी हत्शेपसूतच्या मंदिरात अतिरेक्यांनी ६२ जणांना मारलं, त्यातले ५८ परदेशी पर्यटक होते. जानेवारी २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात क्रांती झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये लक्झरच्या आकाशात पर्यटकांचा बलून पेटला आणि १९ जण गेले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शर्म अल-शेखहून निघालेलं रशियन विमान सिनाईत कोसळलं, २२४ जणांचा अंत झाला आणि रशियाने इजिप्तची उड्डाणं थांबवली. सिनाई लक्झरपासून शेकडो किलोमीटर दूर आहे, पण घाबरलेला पर्यटक नकाशा बघत नाही. २०१० साली इजिप्तला जवळपास १ कोटी ४७ लाख पर्यटक आले होते, २०१६ साली ५४ लाखांच्या आसपास. त्यातून जरा सावरतात तोच मार्च २०२० मध्ये विमानतळच बंद झाले. यातलं काहीही कुठल्या स्वयंपाकघरात घडलेलं नव्हतं, पण चुली तिथल्या विझल्या.

गेझिरातल्या एका आचाऱ्याने मला पुढचं समजावलं. तो ज्या चुलीपुढे उभा असतो, तिच्यावरची पाटी अनेकदा बदललीय. सुरुवातीला हॉटेलात एका युरोपीय बाईंची भागीदारी होती आणि नाव त्यांनीच दिलेलं होतं. क्रांतीनंतर पर्यटक आटले, त्या मायदेशी परतल्या आणि नाव त्यांच्याबरोबर गेलं. मग जागामालकाच्या पुतण्याने चालवून पाहिलं. तो कंटाळल्यावर बाहेरगावच्या एकाने भाड्याने घेतलं. प्रत्येकाने आपली पाटी लावली. पण मातीच्या भांड्यात भट्टीत शिजणारं ताजिन तेच राहिलं. उन्हात कणीक फुगवून भाजलेली ऐश शम्सी ही वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तची भाकरी, तीही शेजारच्या त्याच घरातून येत राहिली. नाव पुन्हा पुन्हा का बदलतं, असं विचारल्यावर त्याला माझा प्रश्नच नीट कळेना. पाटी पाहुण्यांसाठी असते, तो म्हणाला. गावातले लोक ही जागा कुणाच्या घराखाली आहे त्यावरून ओळखतात.

त्याचं हे बोलणं मनात होतं, आणि लक्झर मंदिरात गटाला सांगताना माझीच माहिती मी वेगळ्या कानांनी ऐकू लागलो. तिथल्या उंच खांबांच्या दालनात ओपेत उत्सवाची मिरवणूक कोरलेली आहे. नावा आहेत, वादक आहेत, नैवेद्याचे बैल आहेत. हे काम तुतनखामुनच्या काळातलं. पुढे होरेमहेब गादीवर आला आणि त्याने तुतनखामुनचं नाव काढून तिथे आपलं कोरलं. पुढच्या चौकावर दुसऱ्या रामसेसचं नाव आहे. आतलं गर्भगृह अलेक्झांडरच्या नावाने पुन्हा उभारलेलं आहे, रोमन काळातली भित्तिचित्रं आहेत, आणि या सगळ्याच्या वर अबू अल-हग्गागची मशीद, जिथे आजही नमाज होते. हे थरावर थर बघायला आपण तिकीट काढतो, त्याला वारसा म्हणतो. त्याच गावातल्या खानावळवाल्याने पाटी बदलली की मात्र आपल्याला लबाडीचा वास येतो. राजाने नाव बदललं ते मालकी सांगायला. या माणसांनी बदललं ते पुढच्या हंगामापर्यंत तग धरायला. दोघांपैकी कुणाकडे मी अधिक आपुलकीने बघायला हवं, याबद्दल मला आता शंका नाही.

बंद पडलेल्या जागांबद्दलची माझी हळहळही आता वेगळी आहे. पूर्वी मी नावासाठी, गच्चीवरून दिसणाऱ्या नाईलसाठी हळहळत असे. आता तिथल्या माणसांचं काय झालं ते विचारतो. कुणी लाल समुद्रावरच्या हुरघादात वेटर झाला, कुणी आखाती देशात गेला, कुणी ऊसशेतीवर परतला. जे टिकले त्यांच्यापुढे चलनाचं संकट आहे. नोव्हेंबर २०१६ पूर्वी एका डॉलरला नऊ इजिप्शियन पाउंडही मिळत नव्हते. मार्च २०२४ नंतर पन्नासच्या आसपास मिळू लागले. आपल्यासाठी लक्झर स्वस्त झालं. पाउंडात पगार घेणाऱ्या वेटरला मात्र तेल, मांस, औषध सगळंच महागलं. त्याच्याशी दहा-वीस पाउंडांसाठी घासाघीस करणारे लोक मी पाहिलेत, आणि पूर्वी त्यांना हुशार समजत असे.

पर्यटक आता परतलेत. २०२४ साली इजिप्तने दीड कोटीचा आकडा ओलांडला. पण आकडा वाढला म्हणून गावातल्या चुली पेटतात असं नाही. लक्झर ते अस्वान या क्रूझवर तिन्ही वेळचं जेवण भाड्यातच धरलेलं असतं. लोक देवळं बघतात आणि जेवायला बोटीवर परततात. आपले मराठी गटही तसेच. इथे प्रश्न माझ्या स्वतःच्या कामाचा येतो, कारण कार्यक्रम आखणारा मीच असतो. सगळी जेवणं आधीच ठरवून टाकली की शाकाहारींची सोय होते आणि तक्रारी कमी येतात, हे खरं आहे. पण तिथल्या साध्या जेवणात बामिया म्हणजे भेंडीची भाजी आहे, मसुराचं घट्ट सूप आहे, भात-मसूर-मॅकरोनीची कोशरी आहे, बाकल्याच्या दाण्यांचं फूल नावाचं कालवण आणि तामिया नावाचे वडे आहेत. शाकाहारी माणूस लक्झरमध्ये उपाशी राहील, ही भीती गटाच्या मनातून मी काढू शकतो, आणि काढायला हवी.

म्हणून आता मी कार्यक्रमात लक्झरचं किमान एक जेवण मोकळं ठेवतो. कुठे जावं असं विचारलं तर हॉटेलाचं नाव सांगत नाही. पुढच्या हंगामात ते तिथे असेलच असं नाही. फेरीबोटीने पलीकडे जा, गर्दी नसली तरी चूल पेटलेल्या जागी बसा, आज काय शिजवलंय ते विचारा. स्वयंपाक कोण करतं आणि किती वर्षं करतंय, हेही विचारा. उत्तर देणारा माणूस अभिमानाने सांगू लागला तर तिथेच जेवा, मग पाटी कालच रंगवलेली का असेना. बिलात घासाघीस करू नका आणि बक्षिशी वाढणाऱ्याच्या हातात द्या. एवढ्या आपत्तींनंतर, परका माणूस पुन्हा येईल या भरवशावर कुणी चूल पेटवून बसलं असेल, तर त्याची जागा जुनीच समजायची.