क्लोन आणि रानपिंगळा

अकोल्याच्या माझ्या रूममेटचा ठरलेला प्रश्न : "क्लोनिंगनं डायनासोर परत येईल का बे?" मित्रांनो, इतका जुना डीएनए टिकतच नाही. स्पेनमधली बुकार्डो ही नामशेष रानबकरी २००३ मध्ये क्लोनिंगनं जन्मली खरी, पण फुप्फुसातल्या दोषामुळं काही मिनिटांतच गेली.

आता आपल्याकडचं पाहा. १८८४ नंतर रानपिंगळा हे छोटं घुबड कुणाला दिसलंच नव्हतं. संपलं म्हणून सगळ्यांनी हात झटकले. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ सापडलं, नंतर आपल्या अमरावतीच्या मेळघाटातही! ही ११३ वर्षं त्याला लॅबनं नाही, जंगलानं सांभाळलं. उद्या क्लोन जमेलही. पण जंगलच नसलं तर काय? होस्टेलला अ‍ॅडमिशन मिळाली अन् रूमच नाही, अशी गत!