शंभर टनांची दुरुस्ती

'मेककमांडर' पुन्हा खेळायला घेतलाय असं सांगितलं की बरोबरीचे मित्र विचारतात, "तो रोबोटांच्या मारामारीचा ना?" मारामारी त्यात आहे, भरपूर आहे. पण ज्यानं तो गेम मन लावून खेळलाय त्याचा बराचसा वेळ मारामारीत गेलेला नसतो. तो जातो दुरुस्तीत, वजनाच्या हिशेबात, आणि शत्रूचं कुठलं यंत्र फार न मोडता पाडता येईल या विचारात. मला गेम आवडला तो यासाठीच. आमच्या घरात दुरुस्ती हा जेवताना बोलायचा विषय होता. बाबा कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होते. अंबिवलीहून सकाळची लोकल, मधे शहाड, मग कल्याण. संध्याकाळी त्याच वाटेनं मोहन्याला घरी परत, बोटांच्या पेरांत ग्रीस घेऊन.

गेम १९९८ सालचा. फासा इंटरॅक्टिव्हनं बनवलेला आणि मायक्रोप्रोजनं विकलेला. आमच्याकडे तो चारेक वर्षं उशिरा आला, तोही फोर्टच्या फुटपाथवरच्या सीडीच्या रूपात, जिच्यावर नाव स्केच पेननं लिहिलेलं होतं. मॅन्युअल नव्हतं. त्यामुळे पोर्ट आर्थर नावाचा ग्रह आहे, तो स्मोक जॅग्वार नावाच्या टोळीच्या ताब्यात आहे आणि आपण झुलू कंपनीचे कमांडर म्हणून तो सोडवायला आलो आहोत, एवढं समजायलाच आठवडा गेला. मेक म्हणजे माणसानं आत बसून चालवायचं दोन पायांचं लढाऊ यंत्र. सर्वांत हलक्यांपैकी एक 'कमांडो', २५ टन. सर्वांत जड 'अ‍ॅटलस', १०० टन. आपण वरून नकाशा पाहायचा आणि तुकडीला हुकूम द्यायचे: इकडे जा, लांबून मारा, जवळ जाऊन मारा, त्या बुरुजाचं नियंत्रण ताब्यात घ्या. ट्रिगर आपल्या हातात नाहीच. नेम पायलटचा, आणि पायलट कच्चा असेल तर नेमही कच्चा.

बाबा पहिल्यांदा मागे येऊन उभे राहिले तेव्हा पडद्यावर लढाई नव्हती. दोन मोहिमांच्या मधला दुरुस्तीचा पडदा होता. डावा हात गेलेला, उजव्या पायाचं चिलखत निम्मं उडालेलं, खर्च एवढे एवढे पॉइंट.

"ह्याचं वजन किती?"

"शंभर टन."

"मग आमच्या इंजिनापेक्षा हलकंच की." थोडं थांबून म्हणाले, "पण दोन पायांवर शंभर टन? चालताना एक पाय उचलला की सगळं एका पायावर. रुतेल ते. आमचं डब्ल्यूसीजी-२ एकशेबत्तीस टनांचं, पण त्याला सहा अ‍ॅक्सल. एकावर बावीस टन. रूळ म्हणूनच सोसतो."

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला असल्या शंका आवडत नाहीत. पण पुढचा प्रश्न मला चांगलाच लागला: "ह्याचा पाय रानात तुटला तर उचलून आणतो कोण? आमच्याकडे एकशेचाळीस टनांची क्रेन निघते." गेमच्या या पहिल्या भागात याचं उत्तर नाही. मोहीम संपली की शत्रूचे जे मेक पुरते उडालेले नसतात ते आपोआप आपल्या यादीत दिसतात. कोणी आणले, कसे आणले, विचारायचं नाही.

ही यादी म्हणजे या गेमचा प्राण. शत्रूची हत्यारं आपल्यापेक्षा हलकी आणि लांब पल्ल्याची, आणि ती मुख्यतः अशीच, पडलेल्या मेकमधून मिळायची. म्हणजे समोर ७५ टनांचा 'मॅड कॅट' आला की एकीकडे जीव वाचवायचा आणि दुसरीकडे तो धड राहील असंही बघायचं. सगळ्या तोफा एकदम सोडून त्याचा कोळसा केला तर जिंकलात, पण हाती काही नाही. जरा बेतानं पाडलात तर पुढच्या मोहिमेत तो तुमचा. लोभ आणि भीती यांची अशी गाठ दुसऱ्या कुठल्या युद्धाच्या गेममध्ये मला भेटली नाही. नंतरचे बरेचसे गेम शत्रूला मारल्याबद्दल गुण देतात. हा गेम त्याला किती कमी मोडलं त्याचं बक्षीस देतो.

याचं मूळ पटावरच्या खेळात आहे. अमेरिकेतल्या फासा कंपनीनं १९८४ साली षटकोनी घरांच्या नकाशावर फाशांनी खेळायचा खेळ काढला, तोच पुढे 'बॅटलटेक' झाला. त्यात प्रत्येक मेकचा एक कागद. हात, पाय, छाती, डोकं, प्रत्येकाच्या चिलखताचे वेगळे गोळे, मार बसला की पेन्सिलीनं खोडायचे. कॉम्प्युटरवर आल्यावर पेन्सिल गेली, हिशेब राहिला.

आणि वजनाची मर्यादा. प्रत्येक मोहिमेला अमुकच टन उतरवायचे. सगळे जड मेक नेता येत नाहीत. एक अ‍ॅटलस घ्यायचा की चार कमांडो? हे कोडं मी बाबांपुढे टाकलं तेव्हा ते कसाऱ्याच्या घाटात शिरले. तिथला चढ १:३७, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. जड गाडी पुढच्या एका इंजिनानं चढत नाही, मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडावी लागतात. शिवाय त्या काळी इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्ट डीसी आणि पुढे २५ हजार व्होल्ट एसी, म्हणून दोन्हींवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ सारखी इंजिनं वेगळी राखावी लागत. "कुठलं कुठं लावायचं ते ठरवणाऱ्याचं डोकं पाहिजे," ते म्हणाले, "ताकद काय, सगळ्यांकडेच असते." त्यांनी मला एक अ‍ॅटलस, एक मधला आणि एक हलका असा मेळ सांगितला. तो लागू पडला. हलका 'रेव्हन' पुढे पाठवून नुसतं हुंगायचं, शत्रू सेन्सरवर दिसला की मागे पळायचं, आणि पाठलाग करणाऱ्याला अ‍ॅटलसच्या तोंडाशी आणून सोडायचं.

मोहिमेच्या मधे सेव्ह करायची सोय नव्हती. मोहन्यात तेव्हा लोडशेडिंग जोरात. पाऊण तास जपून नेलेली तुकडी पंख्याबरोबर थांबायची आणि सगळं पहिल्यापासून. शेजारपाजारच्या पोरांना वेळापत्रक तोंडपाठ असायचं. वीज जायला तासभर राहिला असेल तर लांबलचक मोहीम कोणी उघडायचं नाही. जुलै २००५ मध्ये उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं, त्यात कॉम्प्युटर गेला, सीडीही गेली. त्यानंतर नोकरी, लग्न, इतर गोष्टी.

आता एका जुन्या एक्सपीवाल्या लॅपटॉपवर तो पुन्हा चालवला. नव्या मशीनवर तो धड चालत नाही, रंग बिघडतात, वेग बिघडतो. चित्रं आजच्या डोळ्यांना बारीक वाटतात, पण स्पष्ट आहेत. मेकच्या चालीवरूनच कुठला आहे ते ओळखू येतं. पायलटांचे रेडिओवरचे आवाज अजून छान. काय टिकलं नाही तेही सांगतो. मेकना रस्ता शोधायची अक्कल नाही. पुलावर चार जण पाठवा, चौघे एकमेकांना आडवे येऊन उभे राहतात आणि पलीकडून तोफखाना चालू. लहानपणी हे माझंच चुकतं असं वाटायचं. आता खात्रीनं सांगतो, दोष गेमचा आहे. अवघड म्हणजे निर्दयपणे अवघड. पायलट मेला की कायमचा मेला, आणि नेम, चालवणं, सेन्सर, उडी या चार अंगांनी वाढवत आणलेला माणूस एका सुरुंगावर जातो.

बाबा आता निवृत्त. त्यांना दुसरा भाग दाखवला, २००१ चा, मायक्रोसॉफ्टनं काढलेला. तोवर फासा इंटरॅक्टिव्ह मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली होती. त्यात पडलेला मेक उचलायला लढाईच्या मधेच पॉइंट मोजून एक उडतं वाहन बोलवावं लागतं. ते येतं, मोडलेल्यावर काम करतं आणि तो उभा राहून आपल्या बाजूनं लढू लागतो. "आली क्रेन," बाबा म्हणाले. पण मला विचाराल तर सोय जास्त झाली आणि मजा कमी झाली. लढाईच्या गर्दीत दुरुस्ती उरकून टाकली की ती बटण होते. पहिल्या भागात शांत बसून, यादी वाचून, कोणाचा हात कोणाला लावायचा ते ठरवावं लागतं. तो वेळ रिकामा नव्हता, तिथेच पुढची मोहीम जिंकली किंवा हरली जायची. हेअरब्रेन्ड स्कीम्सनं २०१८ मध्ये 'बॅटलटेक' काढला तेव्हा हेच ओळखलं: मोहिमांच्या मधला कारखाना परत आणला, दुरुस्तीला दिवस लागायला लावले. फासाचे एक संस्थापक जॉर्डन वाइझमन त्या गेममागे होते, तेव्हा नवल नाही.

कोणाला खेळून बघायचं असेल तर दुसरा भाग मिळवणं सोपं. त्याचा सोर्सकोड मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये खुला केला. तरी जुनी मशीन हाताशी असेल तर पहिलाच घ्या. सुरुवातीच्या मोहिमा हरायची तयारी ठेवा, पुलावर एका वेळी एकच मेक पाठवा, आणि जिंकल्यावर घाईनं पुढचं बटण दाबू नका. शत्रूचं काय काय हाती लागलं ती यादी आधी नीट वाचा.