बारा टक्के ओलावा

"तू नेमकं करतोस काय रे?" गावी गेलं की हा प्रश्न दरवेळी ठरलेला. इंजिनियर म्हटलं की लोकांना कळतं, बँकेत आहे म्हटलं तरी कळतं. पण 'बिझनेस अॅनालिस्ट' म्हटलं की समोरचा नुसती मान डोलावतो आणि चहाचा कप पुढे करतो. २०२४ च्या दिवाळीत मात्र काकांना ते पाच मिनिटांत सांगता आलं. निमित्त झालं सोयाबीनचं.

आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. वाशिम जिल्ह्यात खरीप म्हणजे सोयाबीन, असं म्हटलं तरी चालेल. पोरांच्या फिया, दुकानाची उधारी, लग्नं, सगळं त्याच पैशावर. त्या वर्षी हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या बराच खाली. म्हणून काकांनी हमीभाव केंद्रावर नाव नोंदवलं आणि मेसेज आल्यावर ट्रॅक्टर भरून निघाले. भाऊबीज नुकतीच झाली होती, मी परतायचा होतो, पण म्हटलं चला, तेवढंच जाऊन येऊ.

केंद्रावरच्या पोराने पोत्यातले मूठभर दाणे काढून मशीनमध्ये टाकले. आकडा आला १४.६. नियम १२ चा. माल परत!

"अरे, पानी म्या पाडलं काय?" काका त्या पोरावर ओरडले. "दसऱ्यापासून पाऊस जाऊनच नाई राह्यला." पोरगा काही बोलला नाही. त्याच्या मागे अजून कितीतरी ट्रॅक्टर उभे होते.

येताना एका टपरीवर चहाला थांबलो. काका म्हणाले, "तुमी कॉम्प्युटरवाले असेच आकडे लिहून ठेवता नं?"

मग मी त्यांना माझं काम सांगितलं. म्हटलं, काका, या सोयाबीनमध्ये किती जणांची वाटणी आहे बघा. तुम्हाला पैसे आजच पाहिजेत, कारण हरभरा पेरायचा आहे. त्या पोराला आपल्यावर बालंट नको आहे. गोदामवाल्याला माल महिनोन्‌महिने टिकायला हवा. तेल गिरणीला चांगला दाणा हवा. प्रत्येकाचं म्हणणं आपल्या जागी बरोबर. आणि या सगळ्यांच्या वर एक नियम. माझं काम म्हणजे प्रत्येकाला काय हवं ते विचारायचं, नियम काय म्हणतो ते वाचायचं, आणि दोन्ही कुठे भांडतात ते लिहून ठेवायचं.

"म्हंजे दोघाइत भांडन लावाचं?"

"नाही हो काका! भांडण असतंच. ते फक्त कागदावर आणायचं."

काका हसले. मी मात्र गप्प झालो, कारण एकदा मी ते भांडण कागदावर आणलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गोदामाचं सॉफ्टवेअर करत होतो. (नाव सांगत नाही.) शेतकरी माल ठेवतो, त्याला पावती मिळते, आणि त्या पावतीवर बँक कर्ज देते. त्यासाठी २००७ चा गोदाम कायदा आहे. पावतीवर मालाचं वजन आणि प्रत खरी लिहिलेली असली पाहिजे हा त्यातला गाभा, कारण बँक काही पोतं उघडून बघत नाही, ती कागदावर विश्वास ठेवते. म्हणून मी लिहिलं होतं की ओलाव्याचा आकडा थेट मशीनमधून यावा, हाताने बदलता येऊ नये.

गोदामाच्या मॅनेजरला ते नको होतं. "सीझनमध्ये दोन किलोमीटर रांग लागते साहेब. सकाळी दव असतं, तेव्हा एक आकडा येतो, दुपारी उन्हात दुसरा. आम्हाला बदलता आलं पाहिजे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला तारीख गाठायची होती. मलाही गाठायची होती. मी ती चौकट हाताने भरता येईल अशी करून दिली. कोणी बदललं, का बदललं, आधी आकडा काय होता, यातलं काहीही न नोंदवता. मीटिंगच्या टिपणात लिहिलं, 'मुद्दा मिटला'.

मुद्दा मिटला नव्हता, फक्त दिसेनासा झाला होता. पुढच्या पावसाळ्यात एक थप्पी आतून तापली आणि दाण्याला बुरशी धरली. ओलं सोयाबीन श्वास घेत राहतं, गरम होतं. बाराचा आकडा असतो तो यासाठी, कोणाची अडवणूक करायला नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक नोंद ११.८, ११.९ अशी गुळगुळीत. आकडे कोणाच्या सांगण्यावरून बदलले ते शोधायला काही मार्गच नव्हता. मग दोष कोणाला? मशीनवर बसणाऱ्या कंत्राटी पोराला. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मला हे फोनवर कळलं, तेही सहज बोलता बोलता. मला कोणी काही विचारलं नाही. माझ्या टिपणात तर मुद्दा मिटलेला होता ना!

म्हणून त्या दिवशी केंद्रावरचा पोरगा काकांचं ऐकून घेत गप्प उभा होता, तेव्हा माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर कागद घेऊन बसलो. (सवय, दुसरं काय!) शंभर किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल ८५ किलो. तो १२ टक्क्यांपर्यंत वाळवला की वजन भरतं साधारण ९६.६ किलो. म्हणजे क्विंटलमागे सुमारे ३.४ किलो नुसतं पाणी. हमीभावाने त्याचे होतात १६७ रुपये. सगळ्या भांडणाची किंमत क्विंटलला १६७ रुपये, वर वाळवणीचा आणि साठवणीचा खर्च. प्रश्न एवढाच की हे पैसे कोणी सोसायचे?

आणि गंमत बघा, पुढे १५ नोव्हेंबरला केंद्र सरकारने नेमकं याचंच उत्तर कागदावर दिलं. त्या हंगामापुरता १५ टक्क्यांपर्यंत ओलावा चालेल, आणि जास्तीच्या ओलाव्यामुळे होणारा खर्च आणि नुकसान राज्य सरकारने सोसावं. (विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं, हे वेगळं सांगायला नको.) कारण काहीही असो, मला त्या परिपत्रकाची बांधणी आवडली. नियम किती वाकवला, किती दिवसांसाठी आणि बिल कोणाच्या नावावर, तिन्ही गोष्टी उघड. मी वाकवला होता तोही नियमच. पण सही कोणाचीच नव्हती, म्हणून बिल गेलं सर्वांत खाली बसलेल्या माणसाकडे.

काकांना मात्र त्या परिपत्रकाचा अर्धाच उपयोग झाला. अर्धं सोयाबीन त्यांनी त्याआधीच व्यापाऱ्याला दिलं होतं, कडता कापून, पडेल भावाने. हरभऱ्याची पेरणी कोणासाठी थांबत नाही. उरलेलं अर्धं ताडपत्रीवर वाळवून नंतर केंद्रावर गेलं. बरोबर निर्णय उशिरा आला तर तो कोणासाठी तरी चुकीचाच ठरतो, हेही मी आता लिहून ठेवतो.

हल्ली मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, "एवढं जरा अॅडजस्ट करा," की मी नाही म्हणत नाही. चार प्रश्न विचारतो. हा नियम कोणाला वाचवायला आहे? वाकवायचा अधिकार कोणाचा? किती दिवस? नुकसान झालं तर कोणाच्या खिशातून? चौथ्या प्रश्नाला बहुतेक वेळा शांतता पसरते, आणि बरेचदा 'अॅडजस्टमेंट'ची गरजच संपते. लोक मला थोडं चिकट समजतात. असो.

परवा फोनवर काका शेजारच्या कोणाला तरी सांगताना ऐकू आले, "आमचा पोरगा कंपनीत भांडनं लिहून ठेवते."

इतकी वर्षं कोणाला नीट सांगता आलं नव्हतं. हेच माझं काम.