न दिसणारी गळती

पेट्रोलची गाडी नुसती उभी असतानाही हवा बिघडवते, ही गोष्ट चटकन पटत नाही. धूर दिसतो, वाफ दिसत नाही. परंतु पेट्रोलची वाफ, धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ऊन एकत्र आले की ओझोन तयार होतो, हे लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचा छडा लावताना हेगन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकारंभी दाखवून दिले. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात धरून ठेवायची व पुढे इंजिनात जाळायची, ही सोय कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांत १९७० पासून आली.

आम्ही उभयता बडोद्याहून तिकडे लेकीकडे गेलो, तेव्हा तिच्या २००६ सालच्या गाडीची सरकारी तपासणी जवळ आली होती. टाकीचे झाकण चिरले होते. ते बदलून गाडीच्या संगणकातील दोषाची नोंद पुसली, तशा आधीच्या स्वयंचाचण्यांच्या नोंदीही पुसल्या गेल्या. इतर चाचण्या रोजच्या फेऱ्यांत पुऱ्या झाल्या. वाफेची तेवढी राहिली. ती अपुरी असली तरी तेथील नियमाने अशी गाडी उत्तीर्ण होऊ शकते. मग सोडून द्यावी? पण गळती खरोखरच थांबली का, हे तिच्यावाचून कळणार नव्हते.

म्हणून आम्ही तयारीला लागलो. तयारी विलक्षणच; करायचे थोडे, न करायचे फार. टाकी काठोकाठ भरायची नाही, रितीही होऊ द्यायची नाही. निम्म्याच्या आसपास ठेवायची. झाकण 'टक्क' वाजेपर्यंत फिरवायचे. बॅटरीची तार सोडायची नाही, नाहीतर पाटी पुन्हा कोरी. रात्रभर, निदान आठ तास, गाडी हलवायची नाही. कारण तापलेल्या पेट्रोलची वाफ दाब वाढवून संगणकाचा अंदाज चुकवते. मग सकाळच्या गारव्यात एका चालीने गाडी न्यायची. योग्य वेळ पाहून संगणक झडपा मिटतो, टाकीतला दाब किंचित उतरवतो आणि तो तसाच टिकतो का, हे पाहतो. अर्ध्या मिलिमीटरचे छिद्रही त्याला कळते. चौथ्या सकाळी चाचणी पुरी झाल्याची नोंद उमटली; दोषाची नाही.

परीक्षा म्हटली की आदल्या रात्रीचे जागरण, हा आपला संस्कार. इथे आदल्या रात्रीची विश्रांती हीच तयारी. आपल्याकडच्या पीयूसी तपासणीत नळीतून येणारा धूरच मोजतात; वाफेची परीक्षा गाडीचा नमुना मंजूर होतानाची. त्यानंतर वर्षानुवर्षे भिस्त असते ती पंपावर झाकण फिरवणाऱ्या हातावर.