नांगराची तासे

आमच्या रानात नांगराची तासे दिसतात ती फार तर दोन पावसांपर्यंत. मग ढेकळे विरघळतात. त्यामुळे वाचनालयातल्या मासिकात ते छायाचित्र पाहून मी थबकलो. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या पॅसिफिक महासागरात, चार किलोमीटरांहून खोल तळावर, मुद्दाम नांगर फिरवला. तिथे बटाट्याएवढे गोटे पसरले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. उद्या ते उपसले तर तळाच्या जीवांचे काय होईल, हे पाहायचे होते. २०१५ साली शास्त्रज्ञ पुन्हा गेले. तासे तशीच! गोट्यांना चिकटून जगणारे जीव तिथे फारसे परतले नव्हते. परतणार कशावर? गोटा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षे लागतात.

आबांना सांगितले.

"तिथं पाऊस न्हाई का रं पडत?"

मी आधी हसलो. पडतो की! वरच्या पाण्यात मेलेल्या सूक्ष्म जीवांचा चुरा सावकाश खाली येतो; त्या चिमूटभर अन्नावरच तिथला संसार. हिंदी महासागरात असे गोटे धुंडाळायला भारतालाही ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले आहे, हेही सांगितले. मला त्याचा अभिमान वाटत होता.

आबा तंबाखू मळत म्हणाले, "म्हंजी आपुन बी नांगर घालणार?"