ठासणीची बंदूक

आमच्या सिंधुदुर्गातल्या घरात बंदूक होती, पण शिकारी कुणी नव्हता. शेतीच्या राखणीसाठीचा परवाना आजोबांच्या नावावर होता. माकडं बागेत उतरली की ते बार काढायचे, तोही बहुधा हवेत. मला बारापेक्षा त्याआधीची तयारी आवडायची. नळीच्या तोंडातून दारू, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासणं, मग छर्रे, पुन्हा बोळा. बार झाला की सगळं पहिल्यापासून. हाती एकच बार असल्यामुळे आजोबांनी घाईने चाप ओढलेला मी पाहिला नाही. निवडणुका आल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. घरी आली की ते आधी गरम पाण्याने नळी धुवायचे, कोरडी करून तेलाचा बोळा फिरवायचे.

नोकरीने मला पेनसिल्व्हेनियात आणलं. अठराव्या शतकात इथल्याच लँकेस्टर भागात जर्मन कारागीर लांब नळीच्या ठासणीच्या रायफली घडवत होते. त्या परंपरेचा मान म्हणून १९७४ पासून राज्यात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम असतो. त्यात बंदूक चकमकीच्या दगडाचीच हवी, दुर्बीण चालत नाही. पांढऱ्या शेपटीची हरणं इथे इतकी आहेत की ती जंगलात नवी रोपं वाढू देत नाहीत. शिकार हा इथे कळप आटोक्यात ठेवण्याचा सरकारी मार्ग आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाला अभय दिलं, आणि ते योग्यच आहे. दोन्ही गोष्टी मला एकाच मनाने पटतात.

शिकारीचा परवाना मिळवण्याआधी प्रशिक्षणाचा वर्ग करावा लागला. बंदुकीचं मात्र नवल वाटलं. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने ठासणीच्या बहुतेक बंदुकांना पुरातन शस्त्रांत धरलं आहे, त्यामुळे दुकानात नेहमीचे केंद्रीय सोपस्कार नसतात (राज्याराज्यांचे नियम वेगळे, ते बघूनच जावं). आजोबांच्या परवान्याची जपून ठेवलेली वही आठवली.

पैसे बेताचे होते. मन चकमकीवर होतं, पण स्वस्त चकमक नीट ठिणगी पाडत नाही आणि चांगली महाग पडते. टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये एमके-८५ बाजारात आणली तेव्हापासून ‘इनलाइन’ बंदुका रुळल्या. त्यांत प्रायमर दारूच्या थेट मागे बसतो, म्हणून दमट हवेतही बार सहसा फसत नाही. मी .५० कॅलिबरची, मागून मोडून उघडणारी नवी साधी इनलाइन घेतली, तीनशे डॉलरच्या आतली. ऑक्टोबरमध्ये शिंगं नसलेल्या हरणांच्या हंगामात ती चालते. नळीतल्या आट्यांचा पीळ २८ इंचांत एक फेरा असा होता. लांबट गोळीला तो मानवतो. कापडात गुंडाळलेली गोल गोळी वापरायची तर पीळ सैल लागतो, साठ-सहासष्ट इंचांत एक फेरा. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

दुर्बिणीचे पैसे वाचवले आणि दारू, गोळ्या, सराव यांवर घातले. रेंजवर जाऊन दारूचं माप थोडं थोडं वाढवत गोळ्या एका जागी कुठे पडतात ते पाहिलं. गजावर भरलेल्या नळीची आणि रिकाम्या नळीची अशा दोन खुणा केल्या. पहिलं हरीण समोर आलं तेव्हा ते पानांआड आडवं उभं होतं. ते उघड्यावर येईपर्यंत थांबलो. तो संयम आजोबांकडचा होता. मांस आम्ही हिवाळाभर खाल्लं. काही मालवणी मसाल्यात शिजलं.

पहिली बंदूक घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. जुनी स्वस्तात मिळाली तर आधी गज घालून ती भरलेली नाही ना हे पाहा, मग नळीत उजेड टाका. जळलेल्या दारूची राख ओल धरते, न धुतलेली नळी आतून गंजते आणि लाकडाची झिलई ते लपवते. गंज दिसला की बंदूक परत ठेवा. धूररहित दारू चिमूटभरही घालू नका, नळी फुटते. आणि बार काढला असेल त्याच दिवशी, कितीही दमला असलात तरी, गरम साबणपाण्याने नळी धुवा.